पराभवानंतर कोरलेला ठराव



अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात एक संगमरवरी शिला आहे. तिच्या माथ्यावर दोन देवींनी एकमेकींचा उजवा हात हाती घेतला आहे. एक अथेन्सची अथीना, दुसरी सामोस बेटाची हेरा. खाली ओळीमागून ओळ मजकूर कोरला आहे. हे अथेन्सच्या नागरिकसभेने सामोसवासीयांसाठी केलेले ठराव.

इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाशी चाललेल्या युद्धात एगोस्पोटामी इथे स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने अथेन्सचे आरमार जवळजवळ नष्ट केले. दोस्त शहरे भराभर उलटली. सामोस तेवढे राहिले. त्यासाठी तिथल्या लोकशाही पक्षाने आपल्याच उमरावांची कत्तल केली होती, हेही सांगायला हवे. पण साथ सोडली नाही हे खरे. याच सामोसने इ.स.पू. ४४० मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केले होते आणि अथेन्सचा नेता पेरिक्लिस याने कित्येक महिने वेढा घालून ते मोडले होते.

आता अथेन्सने ठरवले, सामोसचे लोक अथेन्सचे नागरिक समजावेत. त्यांची राज्यव्यवस्था त्यांना हवी तशी राहील, कायदे त्यांचेच चालतील. अथेन्सच्या नागरिकांच्या दहा गणांमध्ये त्यांची वाटणी करावी. सामोसहून आलेल्या दूतांना नगरभवनात भोजनाला बोलवावे. एवढी उदारता अथेन्सला वैभवाच्या दिवसांत सुचली नाही, याचे मला वाईट वाटते. दोस्तांना आधीच असे जवळ केले असते, तर त्यांतले काही तरी टिकले असते.

पुढच्याच वर्षी अथेन्स शरण गेले. मग सामोसही पडले. लायसँडरने तिथल्या लोकांना अंगावरच्या एका वस्त्रानिशी बाहेर काढले. अथेन्समध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली. ठरावाला कोण विचारणार?

पण इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली, आणि नागरिकसभेने सामोसचा विषय पुन्हा हाती घेतला. तेव्हा सामोसच्या निर्वासितांकडे ना गलबते होती, ना पैसा. त्यांच्याकडून मिळण्यासारखे काहीच उरले नव्हते. तरीही जुना ठराव कायम झाला, नवे ठराव जोडले गेले आणि सारे एकाच शिलेवर कोरले गेले. तेव्हाचा सचिव पायानियाचा केफिसोफोन. त्याचे नाव मोठ्या अक्षरांत वर आहे.

पुढची गोष्ट क्लेशाची आहे. इ.स.पू. ३६५ मध्ये अथेन्सच्याच तिमोथिअस या सेनापतीने सामोस जिंकले, आणि अथेन्सने तिथे आपल्या लोकांची वसाहत केली. सामोसवासीयांना घरे सोडावी लागली. तोवर ती शिला उभी राहून चाळीस वर्षेही झाली नव्हती. नातवंडांनी वचन मोडले, म्हणून आजोबांचे वचन खोटे ठरत नाही. इ.स.पू. ४०३ची ती सभा, माझ्या मते, अथेन्सच्या इतिहासातल्या सर्वांत प्रामाणिक सभांपैकी एक होती.