खेळ मांडण्याआधी

(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. पण पाच मिनिटं ऐका.

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करील ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तिथून ही पद्धत पसरली. शिबिरात आपण कधी सासू होतो, कधी फौजदार होतो, त्याचंच हे भावंड. फक्त इथे गोष्ट महिनोन् महिने चालते.

मी पहिल्यांदा खेळायला गेले तेव्हा पाच जणांत मी एकटी बाई. माझं पात्र धनुर्धारी होतं. तिसऱ्या बैठकीत सूत्रधाराने तिला कैदेत टाकलं आणि पहारेकरी तिचं काय करतात ते चवीने सांगू लागला. मी म्हटलं, “हे नको.” तो म्हणाला, “अगं, खेळच आहे. मनावर काय घेतेस?” बाकीचे तिघे फाशांकडे बघत बसले.

हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकलंय! दिराची थट्टा, ऑफिसातला विनोद, होळीचा रंग. गंमत त्यांची आणि समजूतदारपणा आपला.

१९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या जागी छळ होऊ नये याची जबाबदारी मालकावर टाकली, २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. पण मित्रमंडळींच्या टेबलाला ना मालक, ना समिती. तिथे नियम आपणच करायचे.

मी तो गट सोडला, खेळ सोडला नाही. चौघींना जमवलं. पहिल्या दिवशी फासे पिशवीतच ठेवले आणि नुसतं बोललो. खेळणारे याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. आम्ही ठरवलं ते असं:

एक, रेघ आणि पडदा. रॉन एडवर्ड्स या अमेरिकी खेळ-लेखकाने २००३ मध्ये ही कल्पना मांडली. रेघेपलीकडचं गोष्टीत येणारच नाही. पडद्यामागचं घडू शकतं, पण त्याचं वर्णन होणार नाही. आमची पहिली रेघ बलात्कार.

दोन, फुलीचं कार्ड. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी २०१३ मध्ये ते सुचवलं. फुली काढलेलं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवायचं. कोणीही उचललं की तो प्रसंग तिथेच गाळायचा. कारण विचारायचं नाही.

तीन, एकीचं पात्र काय करील हे दुसरीने ठरवायचं नाही.

चार, साडेआठला खेळ बंद, कारण शेवटची बस नऊची. चहा पाळीपाळीने, कपही पाळीपाळीने.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. पुढे मी सूत्रधार झाले. एका खेडयाची गोष्ट रचली होती. दुष्काळ, सावकार, आणि विहिरीत उडी घेतलेला शेतकरी. आमच्यातली सर्वांत लहान मुलगी, तिने कार्ड उचललं. मला राग आला. दोन रात्री जागून लिहिलं होतं हो! जिभेवर आलं, “अगं, गोष्टच आहे.” आणि मी दचकले. वाक्य त्याचं, तोंड माझं. सूत्रधाराच्या खुर्चीवर बसलं की बाईच्याही तोंडी ते येतं. मी प्रसंग गाळला. का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आपण तर गप्प बसण्याविरुद्ध लढतो, मग हे विषय टाळायचे कसे? टाळायचे नाहीतच. पण कोणी गप्प बसवणं वेगळं आणि कधी, कुणासमोर बोलायचं ते आपण ठरवणं वेगळं. नंतर एकदा त्याच मुलीने आपणहून दुष्काळाची गोष्ट खेळायला काढली. सूत्रधार ती होती.

एक सावधगिरी. कार्डाने माणूस सुधारत नाही. जो पुन्हा पुन्हा रेघ ओलांडतो त्याला उठवावंच लागतं, आणि ते सर्वांनी मिळून करायचं. जिला त्रास झाला तिच्या एकटीवर ते काम टाकायचं नाही. त्या दिवशी मला नियमाची उणीव होतीच, पण त्याहून जास्त त्या तिघांच्या शब्दाची होती.

आता जेवणानंतर आपण गटागटाने भूमिका करणार आहोत. प्रत्येक सतरंजीवर मी एकेक फुलीचं कार्ड ठेवलंय. भूमिका वाटण्याआधी दहा मिनिटं काढा आणि आपल्या रेघा ठरवा. मग सुरू करा.