शाळेचे संघ आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. शेकडा गुणांचे आकडे वाचले गेले, टाळ्या झाल्या, आणि ते यथायोग्यच झाले. परंतु ह्याच मुलांपैकी काहींनी वर्षभर मैदानावर जो घाम गाळला, त्याचा उच्चार ह्या व्यासपीठावरून क्वचितच होतो. म्हणून आम्ही आपला थोडा वेळ भिवंडीच्या शाळांतील कबड्डी व खो-खो संघांसाठी मागून घेत आहोत.

शालेय स्पर्धांच्या यादीत आता बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे परदेशी खेळही आहेत. त्यांना आमचा मुळीच विरोध नाही. पण बॅटी, हातमोजे आणि विस्तीर्ण मैदान ह्यांची जुळवाजुळव जेथे होत नाही, तेथे मुलगे हुतूतू खेळतात आणि मुली खो-खो. कोणी ह्या खेळांना गरिबांचे खेळ म्हणून हिणवील, तर त्याने त्यांचा इतिहास पाहावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोला नियमांची शिस्त लावली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, आणि २०१० साली त्याच स्पर्धांत स्त्रियांची कबड्डीही आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला ह्या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. पुरुष संघाचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे.

एवढ्या उंचीवर जाणारी वाट कोठून सुरू होते? ती शाळेच्या पटांगणातून सुरू होते. जूनच्या मध्यास शाळा उघडते. क्रीडाशिक्षक १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांच्या याद्या करतात, जन्मतारखेचे दाखले गोळा करतात. तोच पावसाळा लागतो. कामवारीला पाणी चढते, सखल भागांत ते साचते आणि पटांगणाचा चिखल होतो. नेमक्या ह्याच दिवसांत स्पर्धा जवळ येतात. शहरातील शाळा महानगरपालिका क्षेत्राच्या स्पर्धेत उतरतात, तालुक्यातील गावांच्या शाळा ग्रामीण स्पर्धेत. तेथे जिंकलेला संघ मुंबई विभागाला, विभागातील विजयी संघ राज्याला, आणि राज्यातील निवडक खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेला. चिखलात पाय रोवायला शिकलेली मुले वरच्या सामन्यांत प्रथमच मॅटवर उभी राहतात, आणि पहिली काही मिनिटे तोल सावरण्यातच जातात.

गेल्या मोसमात आम्ही अशाच एका शाळेचे दोन संघ जवळून पाहिले. शाळेचे नाव मुद्दामच घेत नाही, कारण ही हकीकत एकट्या त्या शाळेची नव्हे. मुलांचा कबड्डी संघ जिद्दीचा होता. त्यांचा मुख्य चढाईपटू यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा मुलगा. पहाटे वडील पाळीवरून परतत, त्याच वेळी हा मैदानाकडे निघे. उपान्त्य सामन्यात बरोबरी असताना शेवटच्या चढाईत बोनस रेषेच्या मोहाने तो पुढे सरला आणि त्याची पकड झाली. संघ एका गुणाने हरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच मुलगा पुन्हा मैदानावर हजर होता. अशी हार मनाला लागते. पण ती पुढच्या वर्षीची तयारीही असते.

मुलींच्या खो-खो संघाची गोष्ट निराळी. त्या आपल्या क्षेत्रात अजिंक्य ठरल्या आणि त्यांना विभागाचे निमंत्रण आले. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आणि नववा धावणारा. पाठीमागून खो मिळाल्याखेरीज बसलेल्याने उठायचे नाही, आणि मिळताच क्षणाचाही विलंब लावायचा नाही. हे एकमेकींचे जाणणे महिनोन्‌महिन्यांच्या सरावानेच येते. पण विभागाच्या सामन्यांपूर्वी दोन मुली संघातून काढून घेण्यात आल्या. एकीच्या घरी म्हणाले, दहावीचे वर्ष आहे. दुसरीच्या घरी म्हणाले, मुलगी आता मोठी झाली. पहिली खांबावर झेप घेण्यात पटाईत होती आणि दुसरीसारखी साखळी खेळून पाळतीवाल्यांना दमविणारी दुसरी मुलगी संघात नव्हती. राखीव मुली घेऊन संघ गेला. खो मिळण्यापूर्वीच उठण्याच्या चुका होत राहिल्या आणि पहिल्याच सामन्यात मोसम आटोपला.

बंधुभगिनींनो, ही हार लोकांना मैदानावर दिसली, पण ती घडली होती घराच्या ओट्यावर. आणि ते ओटे परक्यांचे नव्हते. त्या दोन्ही मुली आपल्या समाजाच्या. त्यांपैकी एक त्यानंतरही शिकवणीला जाताना मैदानाच्या कुंपणाशी क्षणभर उभी राहत असे.

त्या वडीलधाऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांच्या शंका आपल्या सर्वांच्याच मनात आहेत. अंधार पडल्यावर मुलगी घरी कशी येणार? परगावी सामना असेल तर बरोबर कोण? गुण कमी पडले तर? हात-पाय मोडला तर? ह्या शंकांना उत्तरे आहेत, आणि ती आपल्याच हाती आहेत. प्रत्येक सामन्याला पाळीपाळीने एका घरची आई किंवा मावशी संघाबरोबर गेली, तर सोबतीचा प्रश्न उरत नाही. दुखापतीचे भय चांगला शिक्षक आणि नियमित व्यायाम पुष्कळ कमी करतात. परीक्षेच्या बाबतीत शासनानेच दहावी-बारावीच्या पात्र खेळाडूंना सवलतीच्या गुणांची सोय ठेवली आहे, आणि ठरलेली पात्रता मिळविणाऱ्या खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. अर्थात हा लाभ थोड्यांनाच मिळतो, हे आम्ही जाणतो. सर्वांना मिळतो तो लाभ वेगळा: वेळ पाळण्याची सवय, आपल्या चुकीने नऊ जणींचे नुकसान होते ही जाण, आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळ.

धाराशिवच्या सारिका काळे ह्यांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर असावे. घरची अत्यंत गरिबी सोसत त्या खो-खो खेळल्या, भारताच्या संघाच्या कर्णधार झाल्या, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहत होत्या. त्यांच्या घरच्यांनी मध्येच खेळ थांबविला असता, तर हे काहीच घडले नसते.

आता मैदानाविषयी दोन शब्द. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ह्या बाजूला भातकापणीनंतर मोकळी पडणारी शेते हीच पूर्वी मुलांची क्रीडांगणे होती. तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत. गोदामांनी अनेकांच्या हाताला काम दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु हिशेब करून पाहू या. खो-खोचे मोठे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. भोवतालची मोकळी जागा धरूनही दोन्ही मिळून सुमारे आठ गुंठ्यांत बसतात. एकराचा हा पाचवा भाग! ज्या समाजाने मंगल कार्यालयासाठी वर्गण्या जमविण्यात कधी कुचराई केली नाही, त्याला आपल्या लेकरांसाठी आठ गुंठे राखणे जड जाऊ नये. ज्यांच्या जमिनी अजून मोकळ्या आहेत, त्यांनी निदान काही वर्षांच्या कराराने तरी हा विचार करावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

आणखी मागणे थोडेच आहे. मोसम चालू असताना मुलाला वा मुलीला संघातून काढण्यापूर्वी पालकांनी क्रीडाशिक्षकांना एकदा भेटावे. मंडळाने सोबतीला जाणाऱ्या भगिनींची यादी जूनपूर्वी तयार करावी. आणि पुढच्या संमेलनात गुणवंतांच्या शेजारी खेळाडूंनाही बसवावे. जिंकलेल्यांना, तसेच हरलेल्यांनाही.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण त्याच्या साथीदाराने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की तो पुन्हा मैदानात येतो. खेळाने ही उदारता नियमातच ठेवली आहे. घरी बसविलेल्या मुलीला मात्र पंच परत बोलावू शकत नाही; तो अधिकार आई-वडिलांचा. त्या दोन मुलींपैकी एकीचे १९ वर्षांखालील गटातील वय अजून शिल्लक आहे. तिच्या घरची मंडळी ह्या सभेत असतील, तर त्यांनी आमच्या बोलण्याचा राग न धरता एवढे मनावर घ्यावे.