तीन टाक्यांपासून बाळाची शाल

 

सोयाबीन निघालं, हरभरा-गहू पेरून झाला, आणि आता पहाटे दारोदारी शेकोट्या दिसायला लागल्या. या दिवसांत घरात नवं बाळ असलं की सगळ्यांना एकच घोर असतो, बाळाला गारठा लागू नये. म्हणून आज मी बाळासाठी लोकरीची शाल कशी विणायची ते सांगणार आहे. ज्यांनी आजवर विणकामाची सुई हातात धरलेली नाही, त्यांनी मुद्दाम ऐकावं. हे बोलणं त्यांच्यासाठीच आहे.

विणकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाळीची नक्षी, फुलं, गोंडे असं सगळं येतं आणि वाटतं, हे आपल्याला कुठलं जमायला! पण बाळाच्या शालीला यातलं काहीच लागत नाही. खरं तर ते नसलेलंच बरं. जाळीत बाळाची इवलीशी बोटं अडकतात. गोंड्याचे धागे, मणी, बटणं तोंडात जाऊ शकतात. म्हणजे बघा, शिकणारणीला जे सोपं, तेच बाळाला सुखाचं. एकच टाका, साधी घट्ट वीण, चौकोनी शाल. बस्स.

आधी सामान बघू. दुकानात मऊ 'बेबी वूल' मागा. ती बहुतेक ॲक्रिलिकची असते. टोचत नाही आणि घरी धुता येते. घेताना गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. आपल्याला टोचली तर बाळाला टोचणारच. घोंगडीची लोकर आपल्याकडची, उबेला चांगली, पण बाळाच्या कातडीला ती चरचरीत लागते. साधारण 28 इंची, म्हणजे 70 सेंटिमीटरच्या चौकोनी शालीला 300 ग्रॅम लोकर घ्या. 50 ग्रॅमचे सहा गुंडे झाले. सहाही एकदमच घ्या आणि कागदावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. लॉट बदलला की रंगात थोडा फरक पडतो आणि शालीत पट्टा दिसतो. रंग फिका घ्या. गर्द निळ्या किंवा काळ्या लोकरीत संध्याकाळच्या उजेडात टाकेच दिसत नाहीत.

सुया 7 किंवा 8 नंबरच्या घ्या, 14 इंच लांबीच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात. नंबर मोठा, तर सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड असते, 12 नंबरची त्याहून बारीक. बारीक सुईवर काम सरकता सरकत नाही आणि नवशिकी कंटाळते.

आता टाका. याला सुलट टाका म्हणतात. सुरुवातीला लोकरीची एक सरकगाठ करून सुईवर चढवा. मग लोकर अंगठ्याभोवती फिरवून तो फास सुईवर चढवा आणि हलकेच ओढा. असं दोनदा करा. सुईवर तीन टाके झाले. आपली शाल या तीन टाक्यांपासून सुरू होणार आहे.

टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी सुई उजव्या हातात. लोकर कामाच्या मागच्या बाजूला. उजवी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला. मागची लोकर उजव्या सुईच्या टोकाभोवती एकदा फिरवा. तो वळसा टाक्यातून पुढे ओढून घ्या. आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. म्हणजे चार कामं झाली: आत घाल, फिरव, ओढ, सोड. जात्यावर बसल्यासारखं मनात म्हणत राहायचं. आत घाल, फिरव, ओढ, सोड. ओळ संपली की सुयांचे हात बदलायचे, भरलेली डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. पुन्हा तेच. सगळ्या ओळी सुलट. उलटा टाका या शालीत येतच नाही.

आता आणखी एकच गोष्ट शिकायची, टाका वाढवणं. प्रत्येक ओळीत पहिला टाका साधा विणा. दुसऱ्या टाक्यात सुई घाला, लोकर फिरवा, ओढा, पण जुना टाका सोडू नका. त्याच टाक्याच्या मागच्या अंगाने सुई पुन्हा घाला, लोकर फिरवा, ओढा, आणि आता सोडा. एकाचे दोन झाले. उरलेली ओळ साधी विणा. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच, पहिला साधा, दुसऱ्याचे दोन, बाकी साधे. तीनाचे चार, चाराचे पाच, असं प्रत्येक ओळीला एक टाका वाढत जाईल आणि हातात समोशासारखा तिकोन तयार व्हायला लागेल. तो शालीचा एक कोपरा.

कोपऱ्यापासूनच का सुरू करायचं? एक तर सुरुवातीच्या ओळी अगदी छोट्या असतात. पाच-दहा टाक्यांची ओळ झटकन संपते आणि हुरूप येतो. सरळ शाल विणायची तर पहिल्याच दिवशी सुईवर सव्वाशे टाके घालावे लागतात आणि तिथंच पुष्कळ जणी सुया ठेवून देतात. दुसरं म्हणजे, सुलट-सुलट विणीत दोन ओळींची मिळून एक उभार रेघ दिसते. त्या रेघेची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी असते. म्हणून दोन ओळींत दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढला की कोपरा आपोआप काटकोनात येतो. आणि तिसरं, हिशोब सोपा. सहा गुंडे आहेत ना? तीन जाताना, तीन येताना.

तीन गुंडे संपत आले, किंवा तिरक्या कडेची लांबी टेपने 28 इंच भरली, यातलं जे आधी होईल तिथं वाढवणं थांबवायचं. त्या वेळी सुईवर पावणेदोनशेच्या आसपास टाके असतील. कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट, त्यामुळे थोडं मागंपुढं होईल. आता परतीची वाट. पहिला टाका साधा, दुसरा आणि तिसरा एकत्र विणायचा, म्हणजे सुई दोन्ही टाक्यांत एकदम घालायची, बाकी साधे. प्रत्येक ओळीला एक टाका कमी. शेवटी पुन्हा तीनच उरले की लोकर वीतभर ठेवून कापा, टोक तिन्ही टाक्यांतून ओवा आणि ओढून घ्या. झाली शाल. टाके बंद करण्याची वेगळी पद्धत शिकायचीसुद्धा गरज नाही.

नवशिक्या बायांना कुठं अडतं तेही सांगते. पहिलं, हात घट्ट होतो. मनात धास्ती असते टाका सुटायची, म्हणून लोकर आवळली जाते आणि मग सुई आत शिरत नाही. टाका सुईच्या निमुळत्या टोकावर नाही, जाड भागावर आणून मग पुढचा विणा. दुसरं, टाका सुटतो. घाबरू नका. त्याला लगेच सेफ्टी पिन लावा, म्हणजे तो खाली उसवत जाणार नाही. मग क्रोशाच्या सुईने वर चढवून घ्या. तिसरं, मोजणी चुकते. दर दहा ओळींनी टाके मोजा. दहा ओळींत दहाच वाढलेले हवेत. काम ठेवताना ओळ पूर्ण करूनच ठेवा आणि सुयांच्या टोकांना खोडरबर टोचा. टाकेही निसटत नाहीत आणि घरातल्या पोरांच्या डोळ्यांनाही धोका नाही.

नवा गुंडा नेहमी कडेला जोडा, ओळीच्या मध्ये गाठ नको. जुन्या-नव्या लोकरीची टोकं वीतभर लांब सोडा आणि शेवटी बोथट सुईने विणीत जाऊन-येऊन दडवून टाका. एकही धागा लोंबता ठेवू नका. बाळाच्या बोटाभोवती असा धागा गुंडाळला तर बोटाचं रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

वेळ किती लागतो? अशा शालीत तीस हजारांच्या वर टाके असतात. शिकणारी मिनिटाला पंधरा-वीस टाके घालते. म्हणजे साधारण तीस तास. रोज दुपारी एक तास बसलात तर महिनाभरात शाल तयार.

आता शाल वापरायची कशी. विणण्याइतकंच महत्त्वाचं हे आहे. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. अंगाची ऊब ती अडवून धरते, टाक्यांमध्ये साठलेल्या हवेमुळे. म्हणून बाळ आधी कोरडं हवं. आत ओलं दुपटं आणि वरून शाल, याचा उपयोग शून्य. अंगाला जुनं, धुतलेलं, मऊ सुती दुपटं, डोक्याला टोपी आणि मग वरून शाल. जन्मलेल्या बाळाला पहिले 24 तास आंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, तेही याच उबेसाठी.

बाळाला थंडी वाजते का, हे हाताने कळतं. पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. दोन्ही गरम, तर बाळ ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर ऊब कमी पडतेय. पोट आणि पाय दोन्ही गार, तर थांबू नका. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून शाल घ्या आणि तसंच दवाखान्यात न्या. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर ही काळजी दुप्पट. अशा बाळाला आईच्या कातडीची ऊब सगळ्यात मोलाची. शाल त्या दोघांच्या वरून.

बाळ झोपलेलं असताना शाल तोंडावर येता कामा नये. छातीपर्यंतच घ्या आणि कडा दोन्ही बाजूंनी दुमडून खोचा. मान घामेजली तर शाल काढा. आणि एक कळकळीचं सांगणं, बाळंतिणीच्या खाटेजवळ शेगडी ठेवतात, धुरी देतात, तिथं ही शाल नेऊ नका. ॲक्रिलिक लोकर ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते. धुताना थंड पाणी घ्या, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि खाटेवर पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर लांबट होते. इस्त्री तर नकोच.

उबेचं हे काम गावातल्या बाया किती चांगलं करू शकतात, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याचा अभ्यास 1999 साली छापून आला. बाळाला उबदार ठेवणं हा त्या काळजीचा एक भाग होता. 2011 पासून देशभर आशाताई याच कामासाठी घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिला घरात घ्या, बाळ दाखवा, विचारा.

शेवटी गटाचं बोलते. शाल शिकून झाली की बाया विचारतात, "ताई, विकायची कितीला?" हिशोब मांडून बघा. तीस तासांचे तासाला 20 रुपये धरले तरी मजुरीच 600 रुपये, लोकर वेगळी. यंत्रावरची शाल त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळते. कुणी मुद्दाम मागितली तर जरूर विका, पण यावर कर्ज काढून धंदा उभा करू नका.

आम्ही गटात वेगळं केलं. पुष्कळ घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, अशी रीत असते. सासूबाईंचं मन मोडायचं नाही आणि बाळ थंडीत जन्मलं तर ऊबही हवी. म्हणून शाली कुणा एकीच्या बाळासाठी नाही, गटासाठी विणल्या. बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत सुया चालतात. तयार शाल धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत गटाच्या पेटीत राहते. गावात कमी वजनाचं बाळ आलं की शाल त्या घरी जाते, आणि बाळ अंग धरलं की धुऊन परत येते. ज्यांना परत द्यावीशी वाटत नाही त्या लोकर आणून देतात, दुसरी विणली जाते. एका गटात दहा जणी असल्या आणि दोघी-दोघींनी मिळून एक विणली, तर एका हिवाळ्यात पाच शाली होतात. एका वस्तीला पुष्कळ झाल्या.

तेव्हा येत्या बैठकीला सुयांची एक जोडी आणि एक गुंडा घेऊन या. तीन टाके घाला. आत घाल, फिरव, ओढ, सोड. शेजारी बसलेलीला दाखवा. अडलं तर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या वेळी उत्तर देईन.

बाळांना जपा, स्वतःलाही जपा. नमस्कार!