सुई टोचली आणि ताप आला
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "चार शब्द बोला" म्हणून सांगितले, तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या मंडळात मी आजवर पापड लाटले, सतरंज्या घातल्या. भाषण कधी केले नाही. परंतु एक गोष्ट वर्षभर मनाला टोचते आहे. ती चारचौघींत बोलून दाखवावी म्हणून उभी राहिले. चुकले तर पदरात घ्या.

गेल्या वर्षी जुलैत पावसाची झड लागली होती आणि शाळेत निम्मा वर्ग खोकत होता. म्हणून मी माझ्या ७ वर्षांच्या धाकट्याला डॉक्टरांकडे नेऊन पहिल्यांदाच फ्लूची लस टोचून आणली व निर्धास्त झाले. तो काय, चौथ्याच दिवशी पोर तापाने फणफणले! अंग दुखते, घसा दुखतो, मान उचलवेना. जाऊबाईंच्या मुलीला त्याच दिवशी सुई दिली होती, तिचेही तेच. तपासणीत फ्लूच निघाला.

मग माझ्या तोंडाला कुलूप राहिले नाही. जिन्यात, वाण्याच्या दुकानात, भिशीत, दिसेल तिला मी सांगत सुटले, "सुईनेच ताप आला. पैसे देऊन दुखणे विकत घेतले!" ४ आठवड्यांनी दुसरी सुई द्यायची होती, तीही दिली नाही.

माझ्या शेजारीणबाईंनी ते ऐकले. त्यांच्या ६ वर्षांच्या नातवाला दम्याचा त्रास. त्याला लस द्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण माझ्या शब्दावर त्यांनी बेत रद्द केला. गणपतीनंतर त्या मुलाला फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि ६ दिवस त्याला प्राणवायू लावून इस्पितळात ठेवावे लागले. देवाच्या दयेने तो बरा झाला. आज तो पुढच्याच सतरंजीवर बसला आहे. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

मी रोज रात्री त्यांचा डबा घेऊन जात असे. एकदा धीर करून तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, "बाई, सुईने फ्लू होतो का हो?" त्या म्हणाल्या, "सुईने देतात त्या लशीतले विषाणू मेलेले असतात, किंवा त्यांचे नुसते तुकडे असतात. शिजवलेल्या मटकीला मोड येतात का?" टोचलेली जागा दुखेल, एखाददुसरा दिवस कसकस वाटेल, तो फ्लू नव्हे. मग ताप आला कुठून? तर लशीची ताकद अंगात यायला सुमारे २ आठवडे लागतात. आणि फ्लूचा विषाणू अंगात शिरला की १ ते ४ दिवसांत ताप येतो. म्हणजे पोराला तो बाहेरूनच लागला, सुईच्या आगेमागे. विरजण लावले की लगेच दही मागत नाही आपण. मी मात्र मागितले! शिवाय ९ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या खेपेस दोन सुया लागतात. मी एकीवरच थांबले होते.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असेही नाही. विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ती चांगली जुळली तर फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, आणि ज्यांना होतो त्यांचे बहुधा हलक्यावर निभावते. साध्या सर्दीपडशावर ती चालत नाही.

२००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. तेव्हा शाळा बंद झाल्या, माणसे नाकाला रुमाल बांधून फिरू लागली. त्या दिवसांत लस असती तर आपण पहाटेपासून रांग लावली असती. आज ती मिळते आहे, आणि मी एका आजीला तिच्यापासून परत फिरवले.

म्हणून भगिनींनो, हात जोडून सांगते. लस पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच घ्या. ६ महिन्यांपुढच्या बाळालाही ती देता येते. ताप आलेले मूल भराभर श्वास घेऊ लागले, ओठ निळसर दिसले, पाणी पिईना किंवा गुंगीत राहू लागले, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. आणि ज्याची आपल्याला माहिती नाही, ते आधी विचारा, मग दुसरीला सांगा.

यंदा मेच्या आरंभी मी माझ्या मुलाला आणि शेजारीणबाई नातवाला घेऊन, एकाच रिक्षातून सुई टोचायला गेलो. जूनमध्ये दुसरीही दिली. माझ्या बोलण्यावरून गेल्या वर्षी आणखी कुणी थांबल्या असतील, त्यांची क्षमा मागते आणि माझे चार शब्द संपवते.