जलसा : अक्षरओळखीपासून आत्मभानापर्यंत



आम्ही पेशाने डॉक्टर. नाट्यसमीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. तरीही 'कलावंत आणि सामाजिक परिवर्तन' या विषयावर बोलण्याचे आम्ही मान्य केले. कारण दवाखान्यात नित्य आढळणाऱ्या एका दुखण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. औषधाची चिठ्ठी हाती देताच काही रुग्ण म्हणतात, "चष्मा घरी राहिला." पुष्कळदा प्रश्न चष्म्याचा नसतो. वाचता येत नाही, हे सांगण्याची लाज वाटत असते. या लाजेवर औषधशास्त्रात उपाय नाही. आपल्या समाजाने मात्र एक उपाय योजला होता. त्याचे नाव जलसा.

त्याची पूर्वपीठिका महात्मा फुले यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ सालच्या नाटकात आढळते. गर्भवती शेतकरी स्त्री आणि तिचा पती यांना ग्रहदशेची भीती घालून जोशी लुबाडतो. अखेरीस ते दांपत्य रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापले गेले थेट १९७९ साली! परंतु प्रबोधनाचा तोच मार्ग पुढे सत्यशोधक जलशांनी गावोगाव नेला.

१९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण, गवळण, वग हा तमाशाचा साचा आपल्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेला होता. जलसाकारांनी तो वापरला, मात्र आशय बदलला. देवस्तवनाच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले. मृतमांस सोडा, मुलांना शाळेत घाला, हा उपदेश सवाल-जवाबांतून आणि हास्यविनोदातून लोकांच्या गळी उतरू लागला. ज्यांना वृत्तपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ जलशाने पोहोचवली. गावाच्या करमणुकीसाठी नाचणारा माणूस आता गावाला प्रश्न विचारू लागला.

लोककवी वामनदादा कर्डक यांचे जीवन हा या परिवर्तनाचा जिवंत दाखला होय. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षणापासून ते वंचित राहिले. मुंबईत असताना एकाने त्यांच्यापुढे पत्र धरून ते वाचून दाखवण्यास सांगितले. वामनदादांना ते वाचता आले नाही, आणि त्यांना रडू कोसळले. पण ही लाज त्यांनी लपवून ठेवली नाही. ते अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ साली देहावसान होईपर्यंत गाण्यातून भीमविचार सांगत राहिले.

यातून आम्हांस एकच गोष्ट नमूद करावयाची आहे. रंगमंच प्रेक्षकांना बदलतो हे खरेच. परंतु त्याआधी तो कलावंताला बदलतो. चार लोकांसमोर उभा राहून जो स्वतःची व्यथा सांगतो, त्याची मान पुन्हा सहजासहजी खाली जात नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या जयंती सोहळ्यात मुले चित्रपटगीतांवर सुरेख नाच करतात. त्यांचे कौतुक आहेच. परंतु मागच्या रांगेत नातवंडे सांभाळायला आलेली एखादी आजी बसलेली असते. तिला येथील भाषा येत नाही. दुकानात, दवाखान्यात, विमानतळावर ती गप्प राहते. 'चष्मा राहिला' म्हणणारी हीच ती आजी! गावाकडच्या जलशातील पदे तिला मुखोद्गत असतील. आपण तिला विचारले मात्र नाही.

म्हणून पुढील जयंतीस अर्ध्या तासाचा जलसा बसवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आजीने पद म्हणावे, नातवाने ढोलकी धरावी, आणि सवाल-जवाब मुलांनी स्वतः लिहावेत. मग ते मोडक्यातोडक्या मराठीत का असेनात! तालमीसाठी आमच्या घराचा दिवाणखाना सदैव मोकळा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!