मर्यादांचे प्रकरण

ज्याच्यावाचून विमानाने भूमी सोडू नये असा एक ग्रंथ आहे. वैमानिक त्याला फ्लाइट मॅन्युअल म्हणतात. ग्रंथालयात एका प्रतीचे काम दुसरी प्रत करते. येथे तसे चालत नाही. ही पुस्तिका त्या एकाच विमानाची, त्याच्या अनुक्रमांकाची असते. लहान विमानांच्या पुस्तिकांची मांडणी अमेरिकेत १९७५ पासून एका साच्यात आली आणि त्यातील दुसरे प्रकरण मर्यादांचे ठरले. वेग, वजन, भारकेंद्र, इंजिनाचे तापमान यांच्या सीमा त्यात असतात. इतर प्रकरणांत पुष्कळसा सल्ला असतो. येथे आज्ञा असते.

यांतील काही मर्यादा वैमानिकाच्या डोळ्यांपुढेही असतात. वेगदर्शकाच्या तबकडीवरची पांढरी कमान फ्लॅप उघडण्याचा वेग दाखवते, हिरवी नेहमीचा. पिवळीत केवळ शांत हवेत शिरावे आणि लाल रेघ कधीच ओलांडू नये. काही सूचना पाट्यांवर लिहिलेल्या असतात.

परंतु एक महत्त्वाचा वेग तबकडीवर रंगवलेला नसतो. सुकाणू पूर्ण वळवले तरी विमानाचा सांगाडा ज्याच्या खाली तग धरतो, तो हा वेग. तो वजनाबरोबर बदलतो, आणि गंमत अशी की विमान हलके असेल तर मर्यादा वाढत नाही, उतरते. कारण हलके विमान तेवढ्याच जोराने अधिक उसळते.

या वेगाच्या व्याख्येतच घात होता. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान पुढच्या विमानाने ढवळलेल्या हवेत सापडले. सहवैमानिकाने उभे सुकाणू पाठोपाठ उजवीकडे-डावीकडे दाबले. वेग मर्यादेच्या आत होता. तरीही शेपटीचा उभा पंख तुटून पडला. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ माणसे दगावली. चौकशीत वैमानिकाच्या अनावश्यक दाबण्याबरोबरच सुकाणूची रचना व प्रशिक्षण यांवरही बोट ठेवले गेले. आणखी एक गोष्ट उघड झाली: ‘पूर्ण वळवले तरी’ याचा अर्थ अनेक वैमानिक ‘कितीही वेळा वळवले तरी’ असा घेत होते. नियमाला अभिप्रेत होते एकदाच, एकाच दिशेला. भाषेच्या अभ्यासकांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

२०१० मध्ये अमेरिकेने मोठ्या विमानांच्या पुस्तिकांसाठी नियम सुधारला. या वेगाच्या आतही सुकाणूचे झपाट्याने, उलटसुलट फटके दिल्यास विमान मोडू शकते, असा इशारा मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत घालणे तेव्हापासून बंधनकारक झाले.