पंक्चर काढलं, पण काटा काढला का?

आज पंक्चरबद्दल बोलायचंय, आणि निमित्त आहे लातूरकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज. गाडी जुनी, तारांच्या चाकाची, ट्यूबवाली. आठवड्यात तीनदा मागचं चाक बसलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा अंधार पडत आलेला, मागे बायको, टाकीवर लहान मुलगी, आणि पंक्चरचं दुकान सहा किलोमीटर लांब. ते विचारतात, ट्यूब बदलू की टायर बदलू?

दादा, आधी ती काढलेली ट्यूब बघू. भोक कुठे पडलंय ते बघू. पंक्चर काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते का झालं हे ट्यूब सांगते आणि आपण ते ऐकत नाही. पॅच मारला, हवा भरली, पैसे दिले, निघालो.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडे, एकच बारीक भोक असेल तर खिळा, काटा किंवा तार. सरळ मामला. पण शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिमच्या कडेत चिमटली. (टायर चढवताना टामीचा चिमटा बसला तरी भोक पडतं. नुकतंच पंक्चर काढलंय आणि दोन तासांत परत चाक बसलं, तर पहिला संशय त्याच्यावर.) भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमवरची रबरी पट्टी कुजलीय किंवा सरकलीय, आणि तारेचं टोक टोचतंय. ती पट्टी बदलल्याशिवाय दहा ट्यूब घाला, दहाही जातील.

आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर? कमी हवेवर गाडी पळवली की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो. तो ट्यूबला सोबत ओढतो, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी मुळाशी फाटतं. तिथे पॅच टिकत नाही, नवीन ट्यूबच घ्यावी लागते. हे आधी ओळखता येतं बरं का. व्हॉल्व्ह सरळ उभा न राहता तिरका दिसायला लागला की समजा ट्यूब ओढली जातेय.

आता आपल्या श्रोत्याचं. मी त्यांना विचारलं, तिन्ही पॅच कुठे आहेत? म्हणाले, जवळजवळ एकाच जागी, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर. मग उत्तर मिळालंच की! शेताच्या रस्त्याला वेडी बाभूळ. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून बसलेलं. बाहेरून दिसत नाही, आतून वरवर हात फिरवला तरी लागत नाही, पण गाडीवर वजन पडलं की डोकं वर काढतं.

म्हणून टायर उघडायच्या आधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करायला सांगा. ट्यूबमधलं भोक सापडलं की ती खुणेशी जुळवून ठेवायची, टायरमधली नेमकी जागा कळते. मग आतून कापसाचा बोळा फिरवायचा. नुसता हात नको, बोट कापेल. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे काटा. तो पकडीने ओढून काढायचा, आणि मगच ट्यूब आत जाईल.

पॅचबद्दल एकच सांगतो. ट्यूब घासून तिची चकाकी घालवायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. बोटाला ओलं लागेनासं झालं की पॅच. घाईत ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात, चाक तापलं की सुटतो. दुकानात गर्दी असली की हेच होतं, त्यामुळे आपणच म्हणायचं, मामा, सावकाश होऊ द्या.

ट्यूबलेसवाल्यांनो, तुमचं गणित उलटं आहे. ट्यूबला खिळा लागला की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं, हवा हळूहळू जाते. म्हणून रस्त्यात खिळा दिसला की उपटायचा मोह आवरा. सोबत किट आणि पंप नसेल तर तो खिळाच तुमचं बूच आहे. हवा तपासा, आणि टिकत असेल तर हळू दुकानापर्यंत जा.

किट असेल तर खिळा ज्या तिरक्या रेषेत घुसलाय त्याच रेषेत सुई घालायची, नाहीतर नवीन वाट पडते. चिकट पट्टी आत ढकलायची, बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवायची, आणि सुई एका झटक्यात ओढायची. बाहेरचं टोक कापलं, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघितले, झालं. पण हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर पट्टी नाही, पॅच नाही, टायर बदला. तो भाग सतत वाकतो. आणि माझं मत विचाराल तर पुढच्या चाकाला पट्टी मारून गावी पोचायचं, मग टायर उतरवून आतून पॅच करून घ्यायचा. मागचं चाक बसलं तर गाडी शेपूट हलवते. पुढचं बसलं तर हँडलच ऐकत नाही.

दुकानात साबणाचं पाणी टाकताना शेजारी उभे राहा. बहुतेक जण प्रामाणिक असतात, पण हायवेवर एका पंक्चरची चार झालेली लोकांनी बघितली आहेत. बुडबुडा दाखवा, मग सुई घाला, एवढं म्हणायला लाजू नका.

टाळता किती येतं? खिळा नशिबाचा, पण चिमटा आणि व्हॉल्व्ह फाटणं हे दोन्ही कमी हवेचे प्रकार, म्हणजे आपल्या हातातले. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ पीएसआयच्या आसपास हवा लागते. तुमच्या गाडीचा आकडा स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो, तोच धरा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. उन्हात पन्नास किलोमीटर आल्यावर आकडा वाढलेला दिसणारच, म्हणून हवा सोडू नका. टायर झिजला असेल तर खाचांमधल्या उंचवट्यांशी सपाट झालाय का बघा. झाला असेल तर रबर इतकं पातळ आहे की साधी तारही आत जाते. आणि पावसात जास्त सांभाळा. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, शिवाय खडी आणि काच वाहत येऊन रस्त्याच्या कडेला साठते. कडेने गाडी चालवायची सवय तेवढे चार महिने सोडा.

आणि चालत्या गाडीत चाक बसलंच, तर जोरात ब्रेक दाबू नका. हँडल घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक लागलाच तर हवा असलेल्या चाकाचा, तोही हलका. मागे बसलेल्यांना आधी उतरवा, मग गाडी ढकला. बसलेल्या चाकावर दोघांना घेऊन एक किलोमीटर गेलात तरी ट्यूबच्या चिंध्या होतात आणि वाचलेला टायरही जातो.

पुढच्या भागात चेन. तोवर प्रश्न पाठवत राहा, आणि ट्यूबचा फोटो पाठवताना व्हॉल्व्ह दिसेल असा काढा.